‘बरवल्दु, सर!’

हुबळीतल्या आमच्या छोट्याशा ड्रॉइंग ऑफिसात ‘बरवल्दु, सर’ (येईना, सर) अशी कानडी हाक आली की समजायचं, ऑटोकॅडमध्ये लिस्पची कमांड येईना झालीय. स्क्रीनवर ‘अननोन कमांड’ उमटलेलं असतं आणि पोरगा सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायच्या तयारीत असतो. आधी त्याचा हात धरावा. त्यात अर्धा दिवस जातो आणि कमांड रुसलेली ती रुसलेलीच.

आमचीच लिस्प घ्या. प्लॉटच्या हद्दीवर टिचकी मारली की क्षेत्रफळ एकर-गुंठे-आण्यांत लिहून देते. फाइलचं नाव ‘एरिया’, म्हणून सगळे ‘एरिया’ टाइप करतात आणि ऑटोकॅडची स्वतःचीच एरिया कमांड सुरू होते! फाइल नोटपॅडमध्ये उघडा, ‘डिफन सी:’ शोधा. अपूर्णविरामाला चिकटून जो शब्द असेल तीच कमांड. आमची निघाली ‘जीटी’.

नाव बरोबर असूनही येईना? कमांड लाइनवर उद्गारचिन्ह, सी, अपूर्णविराम आणि कमांडचं नाव सलग टाइप करून एंटर मारा. ‘निल’ आलं तर फाइल चढलेलीच नाही. दुसरं काही आलं तर ती चढलीय, दुखणं कोडच्या पोटात आहे.

निल असेल तर ‘ॲपलोड’ने फाइल चढवा आणि लगेच एफ२ दाबून मजकूर वाचा. (हा मजकूर कुणी वाचत नाही, उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.) ‘मालफॉर्म्ड लिस्ट’ म्हणजे कंस कमी पडलाय, व्हॉट्सॲपवरून कोड उचलताना शेवटची ओळ सुटली असणार. ‘नो फंक्शन डेफिनिशन’ म्हणून पुढे ‘व्हीलॅक्स’ने सुरू होणारं नाव दिसलं, तर फाइलच्या डोक्यावर कंसात ‘व्हीएल-लोड-कॉम’ लिहा.

चूक काहीच दिसत नाही आणि फाइलही चढत नाही, तर ‘सिक्युअरलोड’ बघा. २०१४ च्या आवृत्तीपासून हा पहारेकरी आहे. किंमत २ असेल तर विश्वासातल्या फोल्डरबाहेरचं काही तो आत घेत नाही. वैतागून ० करू नका. नकाशांच्या फोल्डरातून ‘अकॅडडॉक’ नावाची व्हायरसवाली लिस्प मुकाट्याने शिरते, ती मग निस्तरत बसावी लागते. त्यापेक्षा ऑप्शन्समध्ये फाइल्स, तिथे ‘ट्रस्टेड लोकेशन्स’, आणि त्यात आपला लिस्पचा फोल्डर घाला.

ऑटोकॅड एलटी २०२४ च्या आधीची असेल तर हा सगळा खटाटोप सोडा. तिला लिस्प कळतच नाही.

सकाळी चाललेली कमांड दुपारी दुसऱ्या नकाशात गायब, ही तक्रार वेगळी. ॲपलोडने चढवलेली लिस्प त्या एका नकाशापुरतीच असते. ॲपलोडच्याच खिडकीत ब्रीफकेसचं चित्र आहे, ‘स्टार्टअप सूट’. फाइल त्यात टाका, म्हणजे प्रत्येक नकाशाबरोबर ती आपोआप चढेल.

कमांड आली की लगेच खऱ्या प्लॉटवर चालवू नका. ३३ बाय ३३ फुटांचा चौकोन काढून तिला विचारा. १०८९ चौरस फूट, म्हणजे बरोबर १ गुंठा यायला हवा. दीड आण्याच्या आसपास उत्तर आलं, तर चौकोन १०.०६ मीटरचा काढलाय आणि लिस्प फूट धरून बसलीय.