खिडकीतून वाचायचा धडा : बोरगाव ते पचमढी



पचमढी आपल्या भागाला नवी नाही. महाशिवरात्रीला त्रिशूळ घेऊन चौरागडावर जाणारे आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीची वाट चालणारे लोक आपल्या गावागावांत आहेत. आता बरेच जण स्वतःच्या गाडीनेही जातात. बोरगावहून सौंसर, रामाकोना, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली आणि मग पचमढी असा हा सुमारे २०० किलोमीटरचा रस्ता आहे. या प्रवासात खिडकीबाहेर भूगोलाचा एक मोठा धडा उघडलेला असतो. तो कसा वाचायचा, ते या लेखात पाहू.

१) खडक ओळखा

आपल्या पांढुर्ण्याकडची कपाशीची काळी माती ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनलेल्या काळ्या खडकाची आहे. त्याचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे. पण सौंसरच्या आसपास यापेक्षा कितीतरी जुने खडक आहेत. भूशास्त्राच्या पुस्तकांत त्यांना आपल्या सौंसरचेच नाव आहे : 'सौंसर गट'. छिंदवाडा, नागपूर, भंडारा आणि बालाघाट या भागांत ते पसरले असून त्यांत मँगनीज सापडते.

पुढे परासियाला कोळशाच्या खाणी लागतात. २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी दलदलीत गाडल्या गेलेल्या वनस्पतींचा तो कोळसा आहे. पचमढीचे उभे कडे मात्र वाळूच्या खडकाचे आहेत. पुरातन नद्यांनी आणून टाकलेल्या रेतीचे थर त्यात आजही दिसतात. एका दिवसाच्या प्रवासात आपण पृथ्वीच्या इतिहासाची चार पाने उलटतो.

२) पाणी कुठे जाते ते पाहा

आपल्या भागातली जांब नदी कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेला मिळते आणि ते पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. तामियाच्या पलीकडे चित्र बदलते. पचमढीच्या पायथ्याची देनवा नदी तवेला मिळते, तवा नर्मदेला, आणि नर्मदा अरबी समुद्राला. म्हणजे वाटेत आपण भारताचा एक जलविभाजक ओलांडतो. तिथे कोणतीही पाटी नसते, ते आपणच नकाशावर शोधायचे.

तामियाजवळच पाताळकोटची खोल दरी आहे. भारिया समाजाची गावे या दरीत पिढ्यान्पिढ्या वसलेली आहेत.

३) झाडे बदलतात

वाटेतल्या जंगलात साग जास्त दिसतो. पचमढीच्या पठारावर मात्र सालाची झाडे भेटतात. साग आणि साल या आपल्या देशातल्या दोन मोठ्या इमारती लाकडाच्या जाती. त्या इथे एकमेकींना भेटतात. खडक बदलला की माती बदलते आणि माती बदलली की झाड बदलते, हे इथे डोळ्यांनी पाहता येते.

४) हे कोणाचे घर आहे?

बोरीचे जंगल १८६५ मध्येच राखीव झाले. सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ मध्ये स्थापन झाले. आज उद्यान, बोरी व पचमढी अभयारण्ये मिळून सातपुडा व्याघ्र प्रकल्प आहे. २००९ मध्ये युनेस्कोने पचमढी जीवावरण क्षेत्राला आपल्या जागतिक जाळ्यात घेतले. वाघ, बिबट्या, गवा, अस्वल आणि शेकरू इथे राहतात. मध्यप्रदेशातले सर्वांत उंच शिखर धूपगड (सुमारे १३५० मीटर) याच रानात आहे.

आपण तिथे काही तासांचे पाहुणे असतो. रस्ता आपल्यासाठी प्रवासाचा असला तरी जनावराला तो पाण्याकडे जाताना ओलांडावा लागतो. आपल्या पूर्वेला, नागपूर-सिवनी मार्गावर पेंचच्या जंगलात महाराष्ट्राच्या हद्दीत म्हणूनच रस्ता उचलून जनावरांसाठी खालून ९ वाटा ठेवल्या आहेत. २०१९ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यांत वाघसुद्धा टिपले गेले. पण प्रत्येक घाटात असे पूल नसतात. तिथे जनावराचा जीव गाडी चालवणाऱ्याच्या हातात असतो.

वानरांना फुटाणे, बिस्किटे टाकणे हे आपल्याला पुण्य वाटते. पण खाण्याच्या आशेने ती रस्त्यावरच बसू लागतात, गाडीखाली येतात, पुढे माणसाच्या हातातून हिसकावू लागतात. ही दया त्यांना महागात पडते.

पालकांसाठी चार गोष्टी

• जंगलातला व घाटातला रस्ता दिवसा उजेडीच पार करावा. अंधारात जनावरे रस्त्यावर येतात.
• उतारावर ब्रेकवर भार न टाकता खालच्या गिअरमध्ये यावे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी.
• न दिसणाऱ्या वळणावर हॉर्न थोडकाच द्यावा. गाणी मोठ्याने लावू नयेत. वळणावर फोटोसाठी थांबू नये.
• शिदोरी घरची न्यावी आणि रिकाम्या पिशव्या, बाटल्या घरी परत आणाव्यात. यात्रेतही हाच नियम पाळावा.

धूपगडासाठी वन विभागाची परवानगी व जिप्सी लागते, ते आधी विचारून घ्यावे.

स्वाध्याय

१. नकाशावर बोरगाव ते पचमढी रस्ता काढा. गोदावरीकडे जाणाऱ्या नद्या निळ्या व नर्मदेकडे जाणाऱ्या हिरव्या रंगाने दाखवा.
२. तुमच्या शेतातली माती कोणत्या रंगाची आहे? ती कोणत्या खडकाची असेल?
३. घरातल्या आजी-आजोबांना विचारा : ते महादेवाच्या यात्रेला कसे जात, वाटेत कोणते जनावर दिसे? आठ-दहा ओळींत लिहून वर्गात वाचा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच पुस्तकात नाही. ते आजच विचारून लिहून ठेवा.