संत्र्याचे पान पिवळे का दिसते?

बागेत पान पिवळे दिसले की युरियाचे पोते काढण्याची घाई होते. हे पिवळेपण म्हणजे नेमके काय, ते आधी समजून घ्यावे.

पानावर पडणाऱ्या उन्हातील निळा आणि तांबडा प्रकाश हरितद्रव्य शोषून घेते. हिरवा प्रकाश त्यामानाने जास्त परत फिरतो, म्हणून पान हिरवे दिसते. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते व त्याभोवती नत्राचे चार अणू असतात. लोह त्यात नसते, पण लोहाशिवाय हरितद्रव्य तयारच होत नाही. यापैकी एक जरी कमी पडले तरी हरितद्रव्य घटते व एरवी शोषला जाणारा तांबडा प्रकाशही परत येऊ लागतो. हिरवा आणि तांबडा मिळून डोळ्यांना पिवळा दिसतो. उपग्रहावरून पिकाची स्थिती पाहतात तीही याच तत्त्वावर. तेथे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही मोजतात. निरोगी पान तो जवळजवळ निम्मा परत पाठविते.

म्हणजे पिवळा रंग हरितद्रव्य घटल्याचे सांगतो, कशामुळे घटले ते सांगत नाही. त्यासाठी झाडावरचे कोणते पान पिवळे आहे ते पाहावे. नत्र व मॅग्नेशियम झाड जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला देते, त्यामुळे त्यांची कमतरता जुन्या पानांवर आधी दिसते. नत्र कमी असेल तर सर्व पान फिके पडते. मॅग्नेशियम कमी असेल तर देठाकडे हिरवा त्रिकोण उरतो. लोह असे हलत नाही. शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरांची हिरवी जाळी उठून दिसते. जस्त कमी असल्यास कोवळी पाने लहान, अरुंद राहतात व शिरांच्या मधे पिवळे चट्टे पडतात. विदर्भातील चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. अशा बागेत युरियाने शेंडा हिरवा होणार नाही, पैसा मात्र जाईल.

याउलट शिराच पिवळ्या असतील तर बुंध्यावर डिंक्या आहे काय व आळ्यात पाणी साचते काय, ते तपासावे. तो खताचा प्रश्नच नव्हे.

नागपुरात नंदनवनसारख्या वस्तीत अंगणात लिंबाचे एकच झाड असले तरी हे पाहता येईल. एक जुने व एक कोवळे पान सावलीत पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवावे. उन्हात पानाची चकाकी फसविते. कोळशी असल्यास पान आधी पुसून घ्यावे.

शंका राहिल्यास पान परीक्षण करावे. त्यासाठी फळ नसलेल्या फांदीवरील, सहा ते आठ महिने वयाची, टोकाकडून दुसरी ते चौथी पाने घ्यावीत. जस्ताची कमतरता ठरल्यास १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट व २५ ग्रॅम चुना मिसळून नव्या पालवीवर फवारावे. जुनी, कडक पाने हे द्रावण कमी शोषतात.