अंगावर काढू नकोस

अगं, तुझ्या रिपोर्टचा फोटो बघितला. हिमोग्लोबिन ९.२. खाली तू लिहिलंयस, ‘सासूबाई म्हणतात, दिवस गेल्यावर एवढं कमी व्हायचंच.’ त्या अर्ध्या बरोबर आहेत. उरलेल्या अर्ध्यासाठी हे लांबलचक लिहितेय, निवांत वाच.

अर्धं बरोबर ते असं. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, पण त्यातला पाण्याचा भाग जवळजवळ दीडपट होतो आणि लाल पेशी त्या मानानं कमी वाढतात. ऐनवेळी पाहुणे आले की आपण आमटीत पाणी वाढवतो, डाळ तेवढीच राहते, तसं. म्हणून तर गरोदर बाईसाठी पट्टी मुळातच खाली आणलीय. एरवी १२ च्या खाली गेलं की रक्त कमी म्हणतात, गरोदरपणात ११ च्या खाली. म्हणजे सासूबाई म्हणतात ती सूट आधीच देऊन झालीय. ७ ते १० च्या मधलं ते मध्यम, ७ च्या खाली गेलं की तीव्र. तू मध्यममध्ये बसतेस.

तू एकटी नाहीस म्हणा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. त्याच्या आधीच्या पाहणीत हा आकडा ५० होता. लोहाच्या इतक्या गोळ्या वाटूनही तो खाली आला नाही, उलट चढला. मला विचारशील तर कारण एकच. आपण हा आजार पोट दिसायला लागल्यावर शोधायला जातो आणि तो बाईच्या अंगात पाळी सुरू झाल्यापासून मुक्कामाला असतो.

एका गरोदरपणाला सगळं मिळून साधारण एक ग्रॅम लोह जादा लागतं. बाळ, वार, वाढलेलं रक्त, बाळंतपणात जाणारं रक्त, सगळं त्यात आलं. रोजच्या जेवणातून एवढं नऊ महिन्यांत मिळत नाही, अंगातला आधीचा साठा काढावा लागतो. आणि आपल्याकडे साठाच नसतो. तुझंच बघ. अकरावी-बारावीत असताना तुझ्या अंगावरून किती जायचं! आई म्हणायची, काहींचं जातंच जास्त. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी द्यायचे, ती तुम्ही पोरी खिडकीतून बाहेर टाकायचात. मग लग्न, वर्षात पहिली मुलगी. ती अजून दीड वर्षाची नाही, अंगावर पितेय, आणि तुला पाचवा लागला. दोन बाळंतपणांत दोन वर्षांपेक्षा कमी अंतर असलं की मागचं भरून निघायच्या आत पुढचं सुरू होतं. याबद्दल तुला दोष देत नाहीये. जावईबापूंशी पाळणा लांबवायचं बोलणं मात्र या बाळंतपणानंतर तू स्वतः कर, आणि तांबी बसवायची झाली तर पाळी जास्त जाते का ते डॉक्टरांना आधी सांग. तरी तू बावीसची आहेस. २०१९ ते २१ च्या त्याच पाहणीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांत शंभरातल्या बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. त्या पोरींचं स्वतःचं अंगच अजून वाढत असतं, त्यात बाळाचं मागणं.

आता जेवणाचं. मी दिवाळीत तुझ्याकडे आले होते तेव्हा तुझं पान बघत होते. सगळ्या पुरुषमाणसांचं झालं, मग मुलीला भरवलं, मग सासूबाई, मग तू. पातेल्यात मेथीच्या भाजीचा रस्सा राहिला होता, मेथी नव्हती. वरणाचं वरचं पाणी. भाकरी दीड, त्यातलीही अर्धी भात संपवायचा म्हणून परत टोपलीत गेली. उभ्यानं ओट्याशी जेवलीस आणि त्यावर लगेच अर्धा कप चहा. अगं, तुझ्या घरात कुणी तुला उपाशी ठेवत नाही, माणसं चांगली आहेत. पण शेवटी बसणाऱ्या बाईला डाळीतली डाळ मिळत नाही, हे डॉक्टरांच्या कागदावर कुठे लिहिलेलं नसतं.

त्या चहावर मी अडून बसणार आहे. चहातलं टॅनिन जेवणातलं लोह आतड्यात शिरू देत नाही. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, कॉफीही नको. सकाळचा घे, दुपारी चारचा घे. जेवताना मात्र लिंबाची फोड, पेरू, आवळा, काहीतरी आंबट ठेव, ‘क’ जीवनसत्त्वानं डाळी-भाज्यांतलं लोह चांगलं शोषलं जातं. मोड आलेली मटकी, चवळीचा पाला, राजगिरा, बाजरीची भाकरी हे सगळं तुमच्याकडे घरचंच आहे. बाजरी पेरायची असेल तर भावजींना सांग, राहुरीच्या कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर ‘धनशक्ती’ नावाचं जादा लोहाचं वाण काढलंय. तुम्ही खाणारे आहात, तर सुकट, मासे, मटण यांतलं लोह भाजीपाल्यापेक्षा कितीतरी सहज अंगी लागतं. मटणाच्या दिवशीही तुझ्या वाट्याला रस्साच येतो, ते थांबव.

आणि ते बीट! शेजारची काकू रोज बिटाचा रस पाठवतेय म्हणालीस. पी, वाईट काही नाही. पण बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवतं असं नसतं गं. डाळिंबाचंही तेच. खजूर-गुळाचंही कौतुक जरा जास्तच होतं. त्यांच्यावर विसंबून गोळी सोडणारी बाई मी दर आठवड्याला बघते.

गोळीवर आले. तुझ्या लाल गोळ्या डाळीच्या डब्यामागे आहेत, हे मला ठाऊक आहे. मळमळतं, शौचाला काळं होतं, घट्ट होतं, म्हणून बंद केल्यास ना? काळं होणं अगदी अपेक्षित आहे, घाबरायचं कारण नाही. मळमळत असेल तर रात्री झोपताना घे. पाणी वाढव. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर कधीच घेऊ नकोस, दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर ठेव, नाहीतर लोह वाया जातं. आणि गोळ्यांनी मूल काळं होतं, फार मोठं होऊन बाळंतपण अडतं, हे कुणी सांगितलं तर हसून सोडून दे. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस, असा सरकारी हिशेब आहे. त्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असतं. तुझ्यासारखं मध्यम कमी असलं की रोज दोन देतात. पण ते डॉक्टरांनी सांगायचं, तू आपल्या मनानं वाढवायच्या नाहीत.

त्या फोलिक अ‍ॅसिडची गोष्ट तुला आवडेल. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आल्या, गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त का कमी होतं ते शोधायला. निव्वळ लोहानं न सुधारणारा एक प्रकार त्यांना दिसला. यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, खायला दिल्यावर त्या बायका सुधारल्या. त्या अर्कातला तो गुण म्हणजेच पुढे वेगळं काढलेलं फोलिक अ‍ॅसिड. आज जगभरच्या गरोदर बायका जे घेतात त्याचा माग मुंबईच्या बायकांच्या रक्तातून लागला. आणि आपल्या पोरी तीच गोळी डब्यामागे ठेवतात!

नुसत्या आहारानं सगळं सुटतं असं समजू नकोस. शेतात अनवाणी फिरणाऱ्या बाईच्या तळपायातून आकडीकृमी शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. म्हणून चौथ्या महिन्यापासून पुढे एकदा जंताची गोळी देतात, तुला मिळाली का विचार. नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेलचा आजार असतो, तिथे आधी रक्ताची तपासणी, मग औषध. निव्वळ शाकाहारी बाईत बी-१२ कमी असू शकतं. आणि माती, पाटीवरची पेन्सिल, बर्फ खावासा वाटतोय का? लाजू नकोस, ते डोहाळे म्हणून सोडू नकोस, लोह कमी असल्याचीच ती खूण असू शकते.

आमच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बायका येतात माझ्याकडे. पोटात बाळ, हातात कोयता, आणि गरोदरपणाचं कार्ड पेटीत गावाकडे. पाच महिने कारखान्याच्या फडावर ना तपासणी, ना गोळी. रक्त फार कमी झालेल्या बाईला दम लागतो, चक्कर येते, तरी मोळी उचलते, कारण आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते. त्यांच्यासाठी मी काय लिहू? गाडीत बसायच्या आधी माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर घ्या आणि दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या आशाताईकडून मागून घ्या, एवढंच मी प्रत्येकीला सांगते. तू घरात आहेस, तुला दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे.

रक्त कमी असताना बाळंतपणात थोडंसं जास्त गेलं तरी बाई सावरत नाही. म्हणून मी एवढी मागे लागलेय. दर महिन्याला हिमोग्लोबिन तपास. महिन्यात निदान एकानं वाढलं नाही तर गोळ्यांऐवजी शिरेतून लोह द्यायचं का, हे डॉक्टर ठरवतील, ते सांगतील तेव्हा कांकू करू नकोस. बसल्या जागी धाप लागली, छाती धडधडली, पाय एकदम सुजले, तर पुढच्या तपासणीची वाट बघू नकोस, त्याच दिवशी जा.

एरवी दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे डॉक्टरही असतात. येत्या नऊला जा. कार्ड आणि हा रिपोर्ट घे, आणि सासूबाईंनाही बरोबर ने. डॉक्टर तुझ्या जेवणाबद्दल बोलतील तेव्हा सासूबाईंनी ते आपल्या कानांनी ऐकायला हवं, कारण तुझं पान तूच आधी वाढून घेशील असं मला वाटत नाही. घरी आलीस की नवा आकडा मला पाठव.