बसविलेल्या दातांची निगा
दातावर टोपी बसविली की किडीची भीती संपली, असा अनेकांचा समज असतो. टोपीला कीड लागत नाही हे खरे. पण तिच्याखालचा दात मूळचाच असतो. हिरडीलगत टोपीची कड संपते तेथे अन्नकण साचतात व कीड आत शिरते. दाताची नस काढलेली असल्यास ठणकाही लागत नाही. म्हणून ब्रश मुख्यतः या कडेवरून हळुवार फिरवावा. शेजारच्या दातांच्या आधारे बसविलेल्या ‘ब्रिज’च्या मधल्या दाताखालून रोज दात साफ करण्याचा धागा ओवून घ्यावा, काम कंटाळवाणे खरे, पण तेथे ब्रश पोहोचत नाही.

१९६५ साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी रुग्णाच्या जबड्यात प्रथम टायटॅनियमची कृत्रिम मुळे बसविली. अशा ‘इम्प्लांट’ला कीड लागत नाही, मात्र अस्वच्छतेने हिरडी सुजते, भोवतीचे हाड झिजते व मूळ डळमळते. तंबाखू व मिशरीने हा धोका वाढतो.