जड खनिज तेलाची रासायनिक घडण

खेड्यापाड्यांतील रस्त्यांवर ज्याला आपण ‘डांबर’ म्हणतो, तो पदार्थ आज बहुतेक ठिकाणी दगडी कोळशापासून मिळालेले डांबर नसून बिट्युमेन असतो. खनिज तेलातून पेट्रोल, रॉकेल व डिझेल हे हलके घटक ऊर्ध्वपातनाने निघून गेल्यावर जो काळा, चिकट अवशेष तळाशी उरतो, तोच हा बिट्युमेन. रस्त्याचे आयुष्य खडी, दबाई आणि पाण्याचा निचरा यांवर जसे अवलंबून असते, तसेच ते या अवशेषातील रेणूंच्या घडणीवरही असते. म्हणूनच ही घडण शास्त्रज्ञांनी कशी उलगडली, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

चार गटांत विभागणी

सर्व खनिज तेले सारखी नसतात. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्रातील तेल हलके आहे. उलट गुजरातमधील मेहसाणा परिसरातील काही क्षेत्रांत जड तेल मिळते. जड तेलात असंख्य प्रकारचे रेणू असतात व त्यांतील प्रत्येक वेगळा काढणे अशक्य असते. म्हणून प्रथम त्यांचे गट पाडतात. तेलात हेप्टेन हा द्रव भरपूर प्रमाणात मिसळला असता गडद तपकिरी चूर्ण खाली बसते. हे चूर्ण हेप्टेनमध्ये विरघळत नाही, पण टोल्युइनमध्ये विरघळते. त्यास ॲस्फाल्टीन म्हणतात. उरलेला द्रव ॲल्युमिनासारख्या शोषक पदार्थाच्या स्तंभातून नेऊन संपृक्त, ॲरोमॅटिक व राळसदृश असे आणखी तीन गट मिळतात.

ॲस्फाल्टीनमध्ये कार्बन व हायड्रोजन यांच्या जोडीला गंधक, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि अल्प प्रमाणात व्हॅनेडियम व निकेल हे धातू आढळतात. १९३० नंतरच्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड ट्राइब्स यांनी तेलात हरितद्रव्याशी नाते सांगणारी संयुगे दाखवून दिली. खनिज तेल सजीवांच्या अवशेषांतून बनले, याचा तो महत्त्वाचा पुरावा ठरला.

रेणू की पुंजका?

‘ॲस्फाल्टीन’ हे नाव फ्रेंच शास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८३७ साली दिले. परंतु त्याच्या रेणूचे वजन किती, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. एकाच नमुन्याचे मापन करूनही कधी काही हजार, तर कधी त्याहून कितीतरी मोठे आकडे येत. द्रावक, तपमान किंवा द्रावणाची तीव्रता बदलली की उत्तरही बदले. याचे कारण असे की, हे चपटे रेणू पत्रावळींच्या चवडीप्रमाणे एकमेकांवर रचले जातात. शास्त्रज्ञ रेणू समजून पुंजकाच मोजत होते!

१९९९ साली अतिशय विरळ द्रावणात प्रकाशाच्या साहाय्याने रेणूंच्या फिरण्याचा वेग मोजण्यात आला. लहान रेणू वेगाने फिरतो, मोठा सावकाश. या मापनावरून सरासरी वजन सुमारे ७५० इतकेच निघाले. २०१५ साली झुरिच येथील प्रयोगशाळेत अणुबल सूक्ष्मदर्शकाने एकेका रेणूच्या प्रतिमा घेण्यात आल्या. मधोमध एकमेकांस जोडलेली कार्बनची कडी आणि कडेला लोंबणाऱ्या साखळ्या, अशी रचना बहुतेकांत स्पष्ट दिसली.

व्यवहारातील महत्त्व

राळसदृश घटक ॲस्फाल्टीनचे पुंजके तेलात तरंगत ठेवण्यास मदत करतात. न जुळणारी तेले एकत्र केल्यास हा तोल बिघडतो, ॲस्फाल्टीन खाली बसते व नळ तुंबतात.

रस्त्यावरही हाच तोल महत्त्वाचा असतो. उष्णता व हवा यांमुळे बिट्युमेनमधील ॲरोमॅटिक घटकांचे राळेत आणि राळेचे ॲस्फाल्टीनमध्ये रूपांतर होत जाते. बिट्युमेन कडक व ठिसूळ होते आणि रस्त्यास भेगा पडतात. ही क्रिया वर्षानुवर्षे हळूहळू चालते. परंतु कामाच्या जागी बिट्युमेन प्रमाणाबाहेर तापविल्यास तिचा बराचसा भाग काही तासांतच उरकतो. व्हीजी-३० या प्रतीसाठी तापविण्याची मर्यादा साधारणतः १५० ते १६५ अंश सेल्सिअस इतकी आहे. काम चालू असताना तपमापकावरील आकडा पाहून त्याची नोंद ठेवणे पंचायत सदस्यांनाही सहज शक्य आहे. एकदा बिघडलेली रेणूंची घडण मात्र रोलर कितीही फिरविला तरी पूर्ववत होत नाही.