पाणी महाल : एक वास्तू, अनेक मालक



'इतिहासाची साधने' हा भाग शिकवताना पोरं नुसत्या व्याख्या पाठ करतात. भौतिक, लिखित, मौखिक साधने अशी नावं येतात, पण अर्थ कळत नाही. त्यासाठी आपल्या तालुक्यातलीच एक वास्तू घेऊ. तामलवाडीच्या मुलांनी नळदुर्ग किल्ल्याचं नाव ऐकलेलं असतं. तुळजापूरहून तो सुमारे ३५ किलोमीटरवर, सोलापूर-हैदराबाद रस्त्यालगत आहे. त्यातला पाणी महाल म्हणजे पाण्याच्या भिंतीत बांधलेलं घरच!

महालाची रचना : बोरी नदी अडवून दगडाचा भक्कम बंधारा बांधला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच खोल्या काढल्या. पावसाळ्यात बंधारा भरला की सांडव्यावरून पाणी कोसळतं. त्यालाच लोक 'नर-मादी धबधबा' म्हणतात. बाहेर एवढं पाणी पडत असताना आत सज्जात उभं राहून ते बघता येतं. बंधाऱ्यामुळे किल्ल्याला पाणी मिळालं आणि संरक्षणही. दुष्काळी भागातल्या मुलांना हे महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

मालक कसे बदलले? फळ्यावर एक कालरेषा काढा :

• किल्ला बहामनी राजवटीकडून विजापूरच्या आदिलशाहीकडे आला.
• १६१३ : दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बंधारा आणि पाणी महाल बांधला गेला. तिथे फारसी शिलालेख आहे.
• १६८६ : विजापूर पडलं. आदिलशाही मुलूख मोगलांकडे गेला, पुढे हा भाग हैदराबादच्या निजामाकडे आला.
• १८५३ : तहानुसार इंग्रजांकडे. मेडोज टेलर हा अधिकारी नळदुर्गला राहून जिल्ह्याचा कारभार बघायचा. त्याच्या 'तारा' या कादंबरीत आपलं तुळजापूर आहे.
• १८६० : पुन्हा निजामाकडे.
• १७ सप्टेंबर १९४८ : हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं.
• १९६० : महाराष्ट्र राज्य.

आता मुलांना विचारा, "यातला खरा मालक कोण?" कुणी आदिलशहा म्हणेल, कुणी सरकार म्हणेल. मग पुढचा प्रश्न टाका, "दगड कुणी फोडले? चुना कुणी मळला?" त्यांची नावं शिलालेखात सापडत नाहीत. इथं वर्ग शांत होतो, आणि खरा धडा इथूनच सुरू होतो. एखादा राजा 'आपला' की 'त्यांचा', या वादात मुलांना अडकवू नका. राजवटी गेल्या, बंधारा राहिला.

घरचा उपक्रम : पालकांनी मुलांना आपल्या घराची अशीच कालरेषा काढू द्यावी. घर कधी बांधलं, माती कुठली, आधी कोण राहायचं? आजीनं सांगितलेली आठवण हे मौखिक साधन, सातबारा-आठ अचा उतारा लिखित, आणि जुनं जातं, उंबरा, चौकट भौतिक. व्याख्या आपोआप पक्क्या होतात.

सहलीला जाताना : पावसाळ्यात पाणी आणि शेवाळ दोन्ही धोक्याचं, मुलांना कठड्यापासून लांब ठेवा. भिंतीवर खिळ्यानं नाव कोरायचं नाही, हे आधीच बजावा. कारण कालरेषेच्या शेवटी आता आपण उभे आहोत. मालकी आपल्याकडे आलीय, तशी राखणदारीही.