पेटी शिकताना पाठ दुखते

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी पेटी शिकते. अर्ध्या तासात मान-पाठ दुखते म्हणते. क्लास बंद करू का?

उत्तर : क्लास बंद करू नका, बैठक बदला. भाता गाठण्यासाठी डावा खांदा पुढे जातो आणि कणा पिळला जातो. त्यात मांडी घालून सपाट जमिनीवर बसलं की कंबर मागे गोल होते. म्हणून बुडाखाली घडी घातलेलं जाड पांघरूण द्या; गुडघे कमरेपेक्षा खाली हवेत. वाकावं लागत असेल तर पेटी पाटावर ठेवा, पण खांदे उचलले जाऊ नयेत. खुर्ची-टेबलही चालेल, गुरुजींनी नाक मुरडलं तरी. वीसेक मिनिटांनी उठू द्या. ‘ताठ बस’ असं ओरडल्यावर मुलं जेमतेम दोन मिनिटं ताठ बसतात. हाताला मुंग्या येत असतील किंवा रात्रीही दुखत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.